झिप, झॅप, झूम आणि ऑटोस्विच

डोणगावात विमानतळ नाही. अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात प्रवासी विमान उतरत नाही. तरीही मेहकर तालुक्यातल्या या गावाच्या स्टँडवर घटकाभर उभं राहिलं, तर कोणी ना कोणी फ्लाइट मोड लावताना दिसतोच. रेंज गेली की विमानाचं चित्र दाबायचं, थोडा दम धरायचा, पुन्हा दाबायचं. फोन नव्याने टॉवर शोधतो आणि गेलेल्या कांड्या परत येतात. “काय बाप्पा, विमानात बसला काय?” असं कोणी विचारलंच, तर “बसलो की, रेंज येईपर्यंत,” हे उत्तर तयार असतं. हा मोड ज्यांच्यासाठी काढला ते प्रवासी तो तास-दोन तास वापरतात. डोणगावकरांनी त्याला बारमाही काम दिलं.

मोड या गोष्टीची सगळी गंमत इथेच आहे. कंपनी एक देते, माणूस भलतंच घेतो. नोकियाच्या जुन्या फोनांत जनरल, सायलेंट, मीटिंग, आउटडोअर आणि पेजर असे पाच प्रोफाइल असत. पेजर वापरणारा माणूस शोधून सापडत नव्हता आणि गावातली मीटिंग म्हणजे ग्रामसभा. तिथे फोन वाजल्याने कुणाच्या बोलण्यात खंड पडल्याचं ऐकिवात नाही. पण 2003 साली आलेल्या त्याच कंपनीच्या 1100 ला डोक्यावर बारीकसा दिवा होता. हा फोन जगभरात 25 कोटींच्या आसपास खपला. रात्रपाळीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी द्यायला निघालेल्या माणसाला बांधावरचा साप त्या दिव्यात दिसायचा. त्या दिव्याला कोणी मोड म्हणत नसे, हा भाग वेगळा.

व्हिडिओ गेमवाल्यांनी मात्र मोडच्या नावावर निव्वळ आकडे विकले. नव्वदीत टीव्हीला जोडायच्या गेमबरोबर ‘9999999 इन वन’ असं छापलेली कॅसेट मिळायची. पोरं यादी खाली खाली नेत बसत. पाचव्या ओळीवर जो गेम असे, तोच पस्तिसाव्या ओळीवर दुसऱ्या टप्प्यापासून सुरू होई आणि पुढे केव्हातरी तोच जास्त वेगाने पळे. खरे गेम हातापायांच्या बोटांवर मोजण्याइतके. तरीही त्या काळातला एक मोड मनापासून मानावा लागतो. कोनामी कंपनीच्या 1987 च्या ‘कॉन्ट्रा’तला दोन खेळाडूंचा. तिसऱ्या टप्प्यावर धबधबा चढायचा असतो. पडदा वरच्या गड्याबरोबर वर सरकतो आणि खाली राहिलेला भाऊ पडद्याबाहेर जाऊन मरतो. शत्रूची गोळी नाही, काही नाही. सख्ख्या भावाच्या घाईने मरतो. बांधावरून कोर्टात गेलेल्या किती जोड्यांचा सराव त्या धबधब्यावर झाला असेल, देव जाणे.

गाड्यांची तऱ्हा निराळी. टाटांनी 2014 मध्ये झेस्टमध्ये इको, सिटी आणि स्पोर्ट हे तीन मोड दिले. महिंद्रांनी 2021 मध्ये एक्सयूव्ही 700 च्या डिझेल गाडीत त्यांचं झिप, झॅप, झूम करून टाकलं. इंजिन बदलत नाही, सिलिंडर वाढत नाही. पाय तेवढाच दाबला, तर इंजिनाने किती उसळायचं आणि स्टिअरिंगने किती जड व्हायचं, एवढंच आतला संगणक ठरवतो. सुगीत गावरस्त्याच्या अर्ध्या भागावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं आणि उरलेल्या अर्ध्यातून कुटाराची ट्रॉली डुलत चाललेली असते. तिच्या मागे झिपवाला आणि झूमवाला एकाच वेळी घरी पोचतात.

समृद्धी महामार्गाने थोडा न्याय केला. 701 किलोमीटरचा हा रस्ता मेहकर तालुक्यातून जातो आणि त्यावर मोटारींना ताशी 120 पर्यंत मुभा आहे. इतकी वर्षं निव्वळ शोभेचं असलेलं क्रूझ कंट्रोलचं बटण तिथे पहिल्यांदा कामाला लागलं. दुचाकीला मात्र तिथे मनाई. त्यामुळे हौसेने रेन, रोड, स्पोर्ट असे मोड असलेली मोटरसायकल घेतलेला तरुण समृद्धीचा वेग पुलाखालून पाहतो.

खरा कस लावायचा तर ट्रॅक्टरच्या सीटवर बसावं. उजव्या हाताला हायड्रॉलिकचे दोन दांडे असतात. एक अवजार ठरल्या उंचीवर धरून ठेवतो. दुसरा जमिनीचा जोर ओळखतो: नांगर काळ्या मातीतून अचानक कठीण पट्ट्यात घुसला की वरच्या जोडदांड्यावर दाब येतो, हायड्रॉलिक अवजार किंचित उचलतं आणि इंजिन बंद पडत नाही. ही हिकमत गेल्या शतकात हॅरी फर्ग्युसनने रुळवली. गावोगावच्या ‘मॅसी’च्या आडनावात तो अजून आहे. या दांड्यांना ना रंगीत दिवे, ना झकपक नावं. पण नवखा ड्रायव्हर चुकीचा दांडा ओढून बसला, तर मालकाला ते धुऱ्यावरून कळतं आणि पुढचा संवाद छापण्याजोगा नसतो.

आणि सगळ्या मोडांचा राजा विहिरीवरच्या पेटीत बसलेला आहे. थ्री फेज गेली की स्टार्टर आपोआप सुटतो. ती परत आली की कोणीतरी चिखल तुडवत जाऊन हिरवं बटण दाबायला हवं. हे काम ऑटोस्विच करतो. पुण्याच्या संतोष ओस्तवालांच्या ‘नॅनो गणेश’ने तर मोबाइलवरून पंप चालू-बंद करायची सोय केली. पण फोन करायला जागं राहावं लागतं. ऑटोस्विचला तेवढाही त्रास नाही. मालक गोधडीत आणि पाणी वाफ्यात. एका माणसासाठी याहून सुखाचा मोड नाही.

भानगड अशी की रोहित्र एकट्याचं नसतं. सुरू होताना मोटर चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट वीज ओढते. लाइट आली की झाडून सगळे ऑटोस्विच एका दमात जागे होतात, रोहित्रावर एकदम भार पडतो आणि फ्यूज उडतो किंवा ते जळूनच जातं. मग गोधडीतले सगळे मालक अंधारात रोहित्राखाली जमतात. तिथे प्रत्येक जण दुसऱ्याच्या ऑटोस्विचबद्दल तळमळीने बोलतो. ‘माझा एकट्याचा असला तर काय बिघडतं?’ हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी असतं आणि हिशेबाने ते खरंही असतं.

महावितरण ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असं आवाहन पुन्हा पुन्हा करतं. यंदा गव्हा-हरभऱ्याचं पहिलं पाणी सुरू व्हायच्या आत ते मनावर घ्यावं. आणि रोहित्राखालच्या सभेत पहिलं भाषण ठोकण्याआधी आपली पेटी एकदा उघडून पाहावी.