बूस्टरची वर्णी

ज्या घरी केबलची एकच तार स्प्लिटरने फोडून चार खोल्यांत नेली आहे आणि, प्रत्येक फाट्याच्या वाट्याला निम्म्याहून कमीच शक्ती येत असल्याने, शेवटच्या खोलीत चित्राचा चेहरा पार उतरला आहे, त्या घरी, मग ते मेहकरात शार्ङ्गधर बालाजीच्या मंदिरालगत असो वा पैनगंगेच्या काठी, बूस्टरची वर्णी लागतेच. हा कारभारी संदेशाबरोबर खरखरीलाही इमानेइतबारे बढती देतो. शिवाय जुन्या एकमार्गी घराण्यातला असेल, तर वरचा हुकूम खाली दवंडी पिटून पोहोचवतो, परंतु त्याच तारेवरून इंटरनेटचा अर्ज वर निघाला, की तो दप्तरी दाखल करून टाकतो. ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्‌झच्या पट्टीतला, खोल्याखोल्यांतील यंत्रांचा आपसांतला पत्रव्यवहार तर बहुधा त्याच्या अखत्यारीबाहेरचाच. मग गृहस्थ दुसरा बूस्टर आणतात.