बाईच्या कानात बोळे

२६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय चमूने ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्णपदक जिंकलं आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका सौंसरच्या एका घोडीला बसला.

तोवर घोड्याविषयी माझं ज्ञान बुद्धिबळाच्या अडीच घरांपुरतं होतं. पण घोडेस्वारीतलं सोनं, तेही १९८२च्या दिल्लीनंतर ४१ वर्षांनी! चौघांत मुंबईचा हृदय छेडा आणि इंदूरची सुदीप्ती हजेला, म्हणजे पांढुर्ण्याला दिलेल्या आमच्या ताईच्या राज्यातली. मग टीव्हीसमोरून उठवतं कोणाला? वाळूच्या आखाड्यात घोडा पावलं मोजत चालतो, तिरपा सरकतो, वळतो आणि वरचा स्वार काहीच करत नसल्यासारखा दिसतो. माझी नजर मात्र घोड्यांच्या कानांवर खिळली. कानांना टोप्या होत्या. विणलेल्या, काठाला नक्षी असलेल्या, कपाळावर त्रिकोणी टोक रुळणाऱ्या.

त्या रात्रीपासून मी या विषयात शिरलो. माझ्या स्वभावात एक खोट आहे : मला एखाद्या गोष्टीची माहिती झाली, की ती कोणाला तरी लागू करून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. घरच्यांवर आहारशास्त्र, प्राणायाम आणि मधमाशीपालन लावून झालं होतं. घोडा तेवढा राहिला होता.

टोपी माशांपासून वाचवते आणि आवाजही थोडा कमी करते, हे कळलं. उडीच्या स्पर्धेत घोड्याच्या कानात बोळेसुद्धा घालू देतात. ड्रेसाजमध्ये ते चालत नाहीत, अपवाद फक्त बक्षीस समारंभाचा, कारण तेव्हा बँड वाजतो, टाळ्या पडतात, घोडी बिथरतात. हा नियम वाचून मी खुर्चीतून उठलोच. बँड, टाळ्या, गर्दी, हारतुरे! ही तर सरळसरळ वरात झाली.

आणि वरात दारात होती. फेब्रुवारीत ताईच्या मुलाचं लग्न, मुलगी सौंसरची. आधी दोन्ही तालुके छिंदवाडा जिल्ह्यात, २०२३ पासून दोन्ही नव्या पांढुर्णा जिल्ह्यात. तेव्हा सोयरीक जिल्ह्यातल्या जिल्ह्यातच. पांढुर्ण्याला कामांची वाटणी झाली तेव्हा ताई म्हणाली, "दादा, तू घोडीचं पाहून घे." तिला म्हणायचं होतं, घोडेवाल्याला इसार दे आणि तो वेळेवर येईल असं बघ. मी मात्र अश्वदलाचा प्रमुख झालो.

इथे सांगून टाकायला हवं, की मी स्वतः कधी घोड्यावर बसलेलो नाही. माझ्या लग्नात घोडी दारात उभी होती आणि मी "साधेपणाचा आग्रह" म्हणून जीपमधून गेलो होतो. आमच्या हिला तो आग्रह अजून आठवतो, कारण साड्यांच्या बाबतीत तो कुठे दिसला नव्हता.

टोपी विणायचं काम हिच्याकडेच गेलं. तिने माप विचारलं. घोडी सौंसरला, आम्ही नागपूरला. मी टीव्हीवरच्या आठवणीने हात पसरून दाखवले. मफलरची उरलेली जांभळी लोकर होती, तिची टोपी झाली. एक कान वीतभर, दुसरा वीत आणि चार बोटं, कारण मधे शेजारीण आली आणि टाके मोजायचे राहिले. कपाळाच्या टोकाला हिने सवयीने गोंडा लावला. नातवंडांच्या टोपीला लावते तसाच.

शांत करायच्या औषधांच्या वाटेला मी गेलो नाही, याचं श्रेय मला कोणी दिलं नाही. परदेशात मॅग्नेशियमच्या पुड्या आणि ट्रिप्टोफॅनच्या पेस्टी घोड्यांना चारतात. त्यांचा किती उपयोग होतो याचा पुरावा तोकडाच आहे. पशुवैद्य ज्या ॲसिप्रोमाझिनने घोडा पेंगुळवतात, ते स्पर्धेच्या घोड्याच्या रक्तात सापडलं की निकाल रद्द. बीजिंगच्या २००८च्या ऑलिंपिकमध्ये तर नॉर्वेच्या कामिरो या घोड्याच्या अंगात कॅप्सायसिन सापडलं, म्हणजे मिरचीचा तिखटपणा, आणि उडीच्या सांघिक स्पर्धेतलं नॉर्वेचं कांस्यपदक गेलं. सौंसरला हा नियम लावला तर वऱ्हाडातलं एक माणूस शुद्ध निघायचं नाही. तरी खबरदारी म्हणून मी घोडेवाल्याला फोन करून घोडीला ठेच्यापासून लांब ठेवायला सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "मामाजी, पयसे नगदी देसान ना?"

लग्नाच्या दिवशी जानोशावर घोडी आली. पांढरी, भरदार, पापण्यासुद्धा पांढऱ्या. घोडेवाला तिला 'बाई' म्हणायचा. गळ्यात घुंगरमाळ, कपाळावर कलगी, पाठीवर जरीची झूल. मी टोपी बाहेर काढली.

"हे काय व्हय?"

"कानटोपी. आवाजाने घोडी बिथरत नाही."

"बाई बिथरतच नाई जी. जलमली थे धुमालात."

मी त्याला टोकियोची गोष्ट सांगितली. २०२१च्या ऑलिंपिकमध्ये जर्मनीची आनिका श्लॉय आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये पहिल्या नंबरावर होती. त्या खेळात तेव्हा घोडा चिठ्ठीवर मिळायचा आणि ओळख करून घ्यायला २० मिनिटं. तिला आलेला सेंट बॉय उड्या मारायलाच तयार होईना. ती रडली, तिच्या प्रशिक्षिकेने घोड्याला बुक्की मारली, प्रशिक्षिकेला बाहेर काढलं आणि पॅरिसनंतर त्या खेळातून घोडाच काढून टाकायचं ठरलं. आमच्या नवरदेवाला तर ती २० मिनिटंही नव्हती. त्याची ओळख 'बस लवकर, मुहूर्त टळतो' एवढ्यावर उरकली जाणार होती.

घोडेवाल्याने सगळं मन लावून ऐकलं. "म्हंजे बाई रडली, अन् मार घोड्याले?" एवढंच विचारून तो तंग आवळायला वळला.

त्याचं मौन मी संमती समजलो. बाईने मान खाली घातली आणि टोपी घालू दिली. तिला सवय असावी; लग्नघरात लोक तिच्या डोक्यावर काहीही ठेवतात. टोपीच्या आखूड बाजूत तिचा कान कोंबावा लागला, लांब बाजूचं टोक पुढे लोंबलं आणि गोंडा बरोबर दोन डोळ्यांच्या मधोमध आला. आतून मी कापसाचे बोळे सरकवले. त्यावर लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची झापडं, कारण घोड्याला समोर कपाळाखाली आणि थेट शेपटीमागे सोडलं तर जवळजवळ चौफेर दिसतं आणि मागून येणारी जनरेटरची गाडी दिसू नये अशी माझी योजना होती. उजव्या झापडावर श्रीगणेशाय नमः, डाव्यावर 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'.

राहिला वास. लव्हेंडरच्या वासाने घबराटलेल्या घोड्यांचे ठोके लवकर खाली येतात, असं मी वाचलं होतं. सीताबर्डीवरून आणलेली बाटली रुमालावर शिंपडून मी तिच्या नाकाशी धरली. बाईने मान उंच केली, वरचा ओठ मुडपून पार नाकपुड्यांवर नेला आणि पिवळे लांबलचक दात दाखवून तशीच उभी राहिली. अनोळखी वास आला की घोडी तो असा आत ओढून तपासतात. फोटोवाल्याला हे शास्त्र ठाऊक नव्हतं. त्याने फोटो काढला. अल्बममध्ये तो आहे : जांभळ्या टोपीतली बाई हसते आहे आणि शेजारी मीही, तितकेच दात दाखवून. आमच्यातलं कोण कोणाला हसतंय, हे पाहुणे अजून विचारतात.

घोडेवाला आता गंभीर झाला होता. त्याला वाटलं, मी पुढे ओठाला दोरीचा पीळ घालीन. पूर्वी नाल ठोकताना, इंजेक्शन देताना घालत तो. पिळामुळे घोड्याच्या शरीरात एंडॉर्फिन सुटतात असं हॉलंडच्या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवलं. पण तो थोडा वेळच मानवतो, मग ठोके उलट वाढतात, आणि कानाला दिलेला पीळ तर पहिल्यापासून त्रासाचाच. हे मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात तो मधे उभा राहिला. "हे लग्नाची घोडी हाय मामाजी, दवाखान्याची नाई."

नवरदेव चढला. माझ्याकडे मखमली छत्री होती, मोत्यांच्या झालरीची. ती हातात आली आणि माझ्या तळव्यांना घाम सुटला. कारण स्वीडनमध्ये २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला आहे. माणसांनी घोडी धरून काही फेऱ्या मारायच्या. शेवटच्या फेरीआधी सांगायचं, की आता घोड्यासमोर छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांचे ठोके वाढले, आणि ज्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं त्या घोड्यांचेही वाढले. हे वाचलेला त्या गल्लीत मी एकटाच. खटका दाबावा की न दाबावा, दाबला तर केव्हा, या विचारात मी बाईच्या खांद्याशी उभा, आणि छत्री काही उघडेना. खटका गंजला होता. बाईच्या मानेवरची कातडी थरथरली. टोपीतले दोन्ही कान, लांब आणि आखूड, माझ्याकडे वळले.

"तुमी जरा दूर व्हा," घोडेवाला म्हणाला. "बाईले काई झालं नाई. तुमचेच हात कापून रायले."

धुमाल, म्हणजे आमच्याकडचा वरातीतला ढोलांचा ताफा, सुरू झाला. जवळून न ऐकलेल्यांना सांगतो, ढोल कानाआधी बरगड्यांना कळतात. बाई या आवाजावर वाढलेली : ताल धरला की पाय उचलायचे, थांबला की थांबायचं, आणि मधे घोडेवाल्याच्या जिभेचा च्यक् असा आवाज आला की वळायचं. तिचा सगळा कारभार कानावर आणि डाव्या खांद्याशी चालणाऱ्या त्या माणसावर. मी कान बुजवले होते आणि तो माणूस पुठ्ठ्याआड टाकला होता.

मारोतीच्या देवळाशी धुमाल थांबला. बाई थांबली नाही. घोडेवाल्याने च्यक् केलं. बाई गेली सरळ. त्याने लगाम ओढला तेव्हा तिला अचानक मानेला हिसका बसला, कोणी दिला ते दिसलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती लग्नात दचकली. नवरदेवाच्या हातून तलवार पडली, त्याने दोन्ही हातांनी खोगीर धरलं आणि "मामाऽ!" अशी हाक मारली. ती लहानपणीचीच हाक होती, विहिरीत पोहायला ढकललं होतं तेव्हाची.

कान बंद, डोळे बंद. बाईकडे उरलं होतं नाक. चौकाच्या पलीकडे मृगबहाराच्या संत्र्यांचा ठेला होता. सौंसर-पांढुर्ण्याची संत्री, सालासकट वास येतो लांबून. बाई वऱ्हाडातून वाट काढत, कोणालाही न तुडवता, थेट तिथे गेली आणि खाऊ लागली. आख्खी संत्री. रस जांभळ्या गोंड्यावरून नवरदेवाच्या मोजडीवर ठिबकत होता. वरात वळून घोडीमागे आली. धुमालवाल्यांना वाटलं इथेच नाचायचं आहे, त्यांनी पुन्हा ठोका धरला, आणि ठेल्याभोवती पाऊण वऱ्हाड नाचलं. मुलीकडच्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. एक काका मला नंतर म्हणाले, कल्पना छान होती.

घोडेवाल्याने घाई केली नाही. तो बाईच्या गळ्याला हात लावून उभा राहिला, आधी पुठ्ठे काढले, मग टोपी, मग एकेक बोळा. प्रत्येक वेळी तिच्या कपाळावर तळवा ठेवून काहीतरी पुटपुटत होता. बाईने त्याच्या सदऱ्याला नाक पुसलं. तिचे उघडे कान धुमालाकडे वळले, आणि चारही पाय तालावर.

आमच्या भागात जनावराला सजवण्याचं कोणाला शिकवायला नको, हे मला तिथे ठेल्याचे पैसे मोजताना आठवलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीने चोळतात, उद्या जेवायला या म्हणून त्याला आवतण देतात. दुसऱ्या दिवशी झूल, बाशिंग, घुंगरं, सगळं अंगावर घेऊन बैल गर्दीतून जातो आणि पुरणपोळी खाऊन गोठ्यात परततो. त्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगावची माणसं उभी राहतात आणि गोटमार खेळतात, एकमेकांवर दगड फेकून. त्यात जीव गेले आहेत. दर वर्षी बंदोबस्त लागतो. बैलांना नव्हे.

घोडेवाल्याने दोन्ही बोळे माझ्या तळहातावर ठेवले. "हे बोये तुमीच घाला. तुमाले लय लागते आवाज."

त्याने टोमणा मारला होता, पण धुमाल खरंच कानाजवळ होता. मी ओले बोळे ठेल्यावर टाकले, खिशातला कोरा कापूस काढला आणि घातला. काय सांगू! जगातला सगळा गोंगाट दोन गल्ल्या पलीकडे गेला. छातीतली धडधड बसली. स्पर्धेतली घोडी यासाठी कान पुढे करत असतील तर त्यांचं चुकत नाही. मी हसतमुखाने मांडवात गेलो, ओळखीच्यांना नमस्कार केले, कोणी काय विचारलं त्याला "हो हो" म्हणालो. त्यातल्या एका 'हो हो'ने मी पंगतीतल्या आइस्क्रीमचा खर्च अंगावर घेतल्याचं दुसऱ्या दिवशी समजलं.

मामा म्हणून अंतरपाटाचं एक टोक माझ्या हाती आलं. भटजींचे ओठ हलत होते, अक्षता उडत होत्या. प्रत्येक कडव्याला उडतात, म्हणून मी निश्चिंत होतो. मग खूपच उडाल्या. समोरचे लोक हात हलवू लागले, मला वाटलं आशीर्वाद देताहेत. मीही एक हात उंचावला. पलीकडच्या मामांनी त्यांचं टोक कधीच सोडलं होतं. नवरदेव हार घेऊन पाटाखालून वाकून नवरी शोधत होता, नवरी वरून टाचा उंचावून बघत होती, आणि मी पाट घट्ट धरून, शांत, अगदी ड्रेसाजच्या स्वारासारखा ताठ उभा होतो. शेवटी ताई पाटाला वळसा घालून आली, माझा कान धरला, कापूस उपटला आणि जी ओरडली ती मांडवाबाहेर उभ्या बाईनेही ऐकली म्हणतात :

"दादा, सोड!"