शेवटाचाही शेवट

'निऑन जेनेसिस इव्हँगेलियन' ही जपानी अ‍ॅनिमे मालिका मी तीनदा पाहिली. तिन्ही वेळा पूर्ण कळली, फक्त अर्थ दरवेळी वेगळा निघाला. २४व्या भागात एका महाकाय यंत्रमानवाच्या (यंत्रमानव म्हणू नका, आम्ही चाहते भांडतो) मुठीत एक पोरगा, मागे बेथोव्हेनची नववी सिंफनी आणि पडद्यावर मिनिटभर काहीही हलत नाही. घरच्यांना वाटलं नेट गेलं. मी दटावलं, "ही कला आहे!"

२६व्या भागात नायक शिंजी मनाची उलटतपासणी संपवतो आणि सगळे टाळ्या वाजवून त्याचं अभिनंदन करतात. कशाबद्दल, ते विचारायचं नसतं. जपानी चाहत्यांनी मात्र विचारलं, काहींनी तर धमक्याच धाडल्या. दिग्दर्शक हिदेआकी आन्नोनं १९९७ साली 'द एंड ऑफ इव्हँगेलियन' काढून शेवट पुन्हा सांगितला: अख्खी मानवजात वितळून नारिंगी रस झाली आणि मध्येच पडद्यावर थिएटरात बसलेले प्रेक्षकच दाखवले. इतका देखणा अपमान तिकीट काढूनच करून घ्यावा.

२००७ ते २०२१ मध्ये आणखी चार चित्रपट काढून आन्नोनं एकदाचा निरोप घेतला. मी अजून घेतलेला नाही. शनिवारी भावजी जेवायला येताहेत. त्यांना वाटतंय, नुसतंच जेवण आहे.