पनामात दही लागलं

गेल्या आठवड्यात कुपवाडातल्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये 'पनामा पार करताना' या विषयावर जाहीर व्याख्यान झालं. वक्ते नुकतेच सपत्नीक क्रूझ करून आलेले. त्यांची ओळख करून द्यायची गरज नाही. हल्ली निवृत्त झालेला माणूस आधी मोतीबिंदू काढून घेतो आणि मग क्रूझला जातो, तेव्हा तुमच्याही कॉलनीत असे एक आहेतच. व्याख्यान सव्वा तास चाललं. त्यातला तासभर जेवणावर गेला, दहा मिनिटं वेटरला द्याव्या लागणाऱ्या टिपेवर, आणि उरलेल्या पाच मिनिटांत कालवा उरकला. श्रोत्यांची काही तक्रार नव्हती. प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न आला, "तिकडं दह्याचं काय केलंत?" आणि मागं डुलक्या काढणारे सरळ बसले.

दह्याचं काय केलं ते आता मलाही सांगावंच लागणार, कारण वक्त्यांनी मन लावून सांगितलेली गोष्ट तेवढी एकच होती.

जहाजावर दही नव्हतं असं नाही. स्ट्रॉबेरीचं होतं, आंब्याचं होतं, मधाचं होतं, एका कोपऱ्यात साधंही होतं. पण ते 'आपल्यासारखं' नव्हतं. हे वहिनींना निघण्याआधीच ठाऊक होतं, कारण सहलीपूर्वीच्या स्नेहमेळाव्यात आधी जाऊन आलेल्यांनी हा विषय घसा दाटून येईपर्यंत मांडला होता. म्हणून भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि कडक भाकरी यांच्याबरोबर पंचाच्या स्वच्छ तुकड्यावर वाळवलेलं घरचं विरजणही बॅगेत गेलं. एके काळी समुद्र ओलांडला की धर्म बुडायचा आणि परत आल्यावर पंचगव्य घेऊन प्रायश्चित्त करावं लागायचं. त्या पंचगव्यातही दही असायचंच. आता ते जातानाच बरोबर नेतात, म्हणजे परत आल्यावर काही बाकी राहत नाही.

पुढचा भाग वक्त्यांनी उभं राहून, हातवारे करून सांगितला. दूध कॉफीच्या काउंटरवरून छोट्या छोट्या चंबूंतून गोळा केलं. ते कोमट असताना विरजण लावलं. पण केबिनमध्ये एसी असा, की दुधाला लोकरी टोपी घालावी लागेल. दुसऱ्या दिवशी दूध जसंच्या तसं. मग डबा शालीत गुंडाळला. तिसऱ्या दिवशी तो सापडेना. केबिन आवरणाऱ्या पोरानं तो 'खराब होईल' म्हणून प्रेमानं फ्रीजमध्ये ठेवला होता. वहिनींनी काढून कपाटात ठेवला, त्यानं पुन्हा फ्रीजमध्ये ठेवला. असं दोन-तीनदा झाल्यावर वक्त्यांनी त्याला समोर बसवून खुणांनी आंबवण्याची प्रक्रिया समजावली. पोरगा ऐकून घेऊन म्हणाला, "काका, म्हाका मराठी कळटा." तो गोव्याचा निघाला. जगातल्या कुठल्याही मोठ्या जहाजाच्या पोटात गेलात तर गोव्याची पोरं भेटतातच, सात-आठ महिन्यांच्या करारावर, घरापासून लांब. या पोराला वक्त्यांनी पुढं काय विचारलं असेल? गाव कोणतं, आई काय करते, सुट्टी केव्हा, पगार वेळेवर होतो का? छे. विचारलं ते एवढंच, "कपाटात सगळ्यांत ऊबदार कप्पा कुठला?" त्यानं वरचा दाखवला. तिथं लाइफ जॅकेटं होती. डबा दोन लाइफ जॅकेटांच्या मध्ये बसवण्यात आला. त्या रात्री जहाजाला भोक पडलं असतं तर कुपवाडचे दोन नागरिक गेले असते, दही मात्र तरलं असतं.

या काळात जहाज बंदरांना लागत होतं. किनाऱ्यावर उतरायला चार-पाच तास, आणि परतीची वेळ चुकली तर जहाज कोणासाठी थांबत नाही, ही शिस्त वक्त्यांना फार आवडली (इथं स्वतःच्या व्याख्यानाला ते चाळीस मिनिटं उशिरा आले होते). कोलंबियातल्या कार्ताहेना बंदरात स्पॅनिश लोकांनी बांधलेला सान फेलिपे हा प्रचंड किल्ला आहे. वक्ते म्हणाले, "आपल्या पन्हाळ्यासारखा. पण पन्हाळा मोठा." तिथं रंगीत घागरे घातलेल्या, डोक्यावर फळांची पाटी घेतलेल्या बायका असतात, त्या ओल्या खोबऱ्याची मिठाई विकतात. "आपली नारळाची वडी. पण आपली चांगली." पनामात चाग्रेस नदीतून एकाच ओंडक्यात कोरलेल्या होडीनं एंबेरा आदिवासींच्या वस्तीवर नेतात, तिथं पानाच्या द्रोणात तळलेला मासा आणि कच्च्या केळ्याचे दोनदा तळलेले काप देतात. मासा शेजारच्या जर्मन माणसाकडं सरकवला. काप उपवासाला चालतील का, यावर परतीच्या प्रवासात होडीत मतभेद झाले. नदी कशी होती? "वारणेसारखी." कोलोन शहरात उतरल्यावर सगळा गट बाजारात गेला, कारण तिथल्या मुक्त व्यापार क्षेत्रात सिंधी व्यापारी आहेत अशी पक्की खबर होती. खबर खरी होती. त्या व्यापाऱ्याला यांनी सात समुद्रांपलीकडं शोधून काढलं आणि विचारलं, "तुम्ही दही कुठलं खाता?" इतकी बंदरं, इतके देश, आणि प्रत्येक ठिकाणी हा माणूस आपलं घरच हुडकत फिरला. मग घर सोडलं कशाला? कुपवाडात बसून पन्हाळा, वारणा, नारळाची वडी आणि दही या चारही गोष्टी याहून स्वस्तात होत्या की!

आता मुख्य दिवस. पहाटे जहाज कालव्याच्या गातून इथल्या दारांपाशी आलं. वरच्या डेकवर माणसं अंधारापासून जागा धरून उभी होती. आमच्या गटातले लोकही उभे होते, असं वक्ते अभिमानानं म्हणाले. एवढ्यात वहिनींचा केबिनमधून फोन आला, "लागलं!" आणि गट खाली पळाला. जहाज पायरी पायरीनं वर चढत असताना सांगली जिल्ह्यातली डझनभर शिकलीसवरलेली माणसं एका अरुंद केबिनमध्ये डब्यात चमचा उभा राहतो का ते बघत होती. उभा राहिला. टाळ्या झाल्या. हॉलमध्येही टाळ्या झाल्या. पडद्यावर फोटो आला तो डब्याचा. मागं केबिनच्या गोल खिडकीतून काळपट काँक्रीटची एक ओली भिंत दिसत होती. "ती कसली भिंत?" असं एका शाळकरी मुलीनं विचारलं. वक्ते म्हणाले, "ती काही नाही. ती कालव्याची."

ती काही नाही! बाळ, ती भिंत काय आहे ते मी सांगतो. मोठ्या माणसांना दह्यातून वेळ नाही.

समुद्रापासून सुमारे 26 मीटर उंचीवर गातून नावाचा तलाव आहे. चाग्रेस नदीला धरण घालून तो माणसानं केला. जहाजाला समुद्रातून त्या तलावात चढवायचं, म्हणून एकापुढं एक असे तीन प्रचंड हौद बांधले. घरच्या हौदात तांब्या तरंगत ठेवून वरून पाणी सोडलं तर तांब्या आपोआप वर येतो, तेवढंच तिथं होतं. फक्त तांब्याच्या जागी दोन-तीन हजार माणसं घेऊन आलेलं जहाज असतं. आणि यात पाणी चढवायला पंप नाही. वरच्या तलावातलं पाणी उतारानं खाली येतं, हौद भरतो, सुमारे दोन मीटर जाडीची पोलादी दारं उघडतात, जहाज पुढं सरकतं. 15 ऑगस्ट 1914 ला हे सुरू झालं आणि आजही चाललं आहे. त्याआधी फ्रेंचांनी प्रयत्न करून पाहिला आणि हात टेकले. मलेरिया आणि पीतज्वरानं त्यांच्या काळात 20 हजारांच्या वर माणसं गेली असा अंदाज आहे. पुढं अमेरिकनांच्या दहा वर्षांत नोंद झालेले मृत्यू सुमारे 5,600. त्यांतले बहुतेक बार्बाडोस, जमैका अशा बेटांवरून मजुरीला आलेले काळे कामगार. तलाव भरला तेव्हा चाग्रेसकाठची गावं पाण्याखाली गेली. कोयनेच्या, चांदोलीच्या जिल्ह्यांत राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट ऐकून काहीतरी आठवायला हवं होतं. वारणा आठवली ना? मग वारणेच्या धरणाखाली काय गेलं ते का आठवलं नाही?

आणखी एक. वर चढायला आणि पलीकडं उतरायला लागणारं पाणी शेवटी समुद्रात जातं, आणि ते गोडं पाणी असतं. एका जहाजामागं सुमारे 20 कोटी लिटर. हा आकडा वक्त्यांना जहाजावरच्या भोंग्यावरून इंग्रजीत सांगितला गेला असणार, पण तेव्हा ते चमच्याकडं बघत होते. आता हाच आकडा आपल्या मापानं मोजू. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. आपल्या कृष्णेचं पाणी. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पुढं पन्नास झाल्या, आणि पन्नास वाघिणींत मावायचं 25 लाख लिटर. त्या गाडीला देशभरातून कॅमेरे आले होते, मिरज स्टेशनात उभं राहायला जागा नव्हती. अशा 80 गाड्या म्हणजे एक जहाज. त्याच वर्षी, जूनमध्ये, पनामात मोठ्या जहाजांसाठी नवे हौद सुरू झाले. त्यांना शेजारी टाक्या जोडल्या आहेत, त्यांतून निम्म्याहून जास्त पाणी पुन्हा वापरता येतं. तरीही 2023 मध्ये पाऊस कमी झाला तेव्हा गातून तलाव इतका उतरला की दिवसाला 36 च्या आसपास जाणारी जहाजं 22-24 वर आणावी लागली. त्याच तलावाचं पाणी पनामातली निम्मी माणसं पितात. म्हणजे तिथंही प्रश्न तोच आहे: पाणी प्यायचं, की त्यावर जहाज चढवायचं? जगातला इतका मोठा व्यापार एका पावसाळ्यावर उभा आहे, आणि पावसाकडं बघत उमर घालवलेल्या जिल्ह्यातला माणूस त्या तलावावर दिवसभर तरंगून आला, तर त्यानं येऊन आम्हाला काय सांगावं? कढी केली होती म्हणून!

तरंगून आला, असं मी जपून म्हणतोय. कारण कार्यक्रमपत्रिका मी नीट वाचली. जहाज सकाळी गातूनचे तीन हौद चढलं, तलावात फिरलं, वळलं, आणि दुपारी तेच तीन हौद उतरून आल्या समुद्रात परत गेलं. सहलींची ही ठरलेली पद्धत आहे, त्यात फसवणूक काही नाही. फक्त पॅसिफिक महासागर यांनी पाहिला नाही. 'पनामा पार करताना' या व्याख्यानात पनामा पार झालाच नव्हता, आणि हे दोन्ही वेळा केबिनमध्ये असल्यामुळं वक्त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही. चढताना दही लागत होतं, उतरताना ताक घुसळत होते.

मला राग क्रूझचा नाही. ज्यानं आयुष्यभर एमआयडीसीत सायरनच्या तालावर डबा खाल्ला, त्यानं म्हातारपणी समुद्रावर बसून जेवावं, चार वेळा जेवावं, आइस्क्रीमही घ्यावं. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. याच माणसानं म्हैसाळ पाहिलेलं नाही. मी विचारलं. मिरज ओलांडली की पुढं म्हैसाळ. तिथं कृष्णेचं पाणी पंपांनी उचलून टप्प्याटप्प्यानं कवठेमहांकाळ, जतकडं चढवतात. पनामात तलाव वर आणि जहाज खाली, म्हणून उतार कामाला येतो. आपल्याकडं नदी खाली आणि तहान वर, म्हणून प्रत्येक थेंबाला वीज लागते आणि प्रत्येक आवर्तनाला बिल येतं. खोडशीपासून निघणारा कृष्णा कालवा तर दीडशे वर्षांहून जुना आहे, त्याच्याही काठाला हे कधी उभे राहिले नाहीत. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, अर्धी सांगली पाण्यात होती, आणि त्याच महिन्यात याच जिल्ह्यात जतकडं टँकर चालू होते. असा चमत्कार दाखवायला परदेशातली कुठली कंपनी किती डॉलर घेईल, सांगा. इथं तो फुकट आहे, म्हणून कोणी बघत नाही. हॉलमधल्या प्रश्नोत्तरांत नळाच्या वेळेवर दहा मिनिटं भांडण झालं, पण नळाच्या मागं नदी असते, नदीच्या मागं धरण, आणि धरणाच्या मागं कोणाचं तरी गाव, इथवर एकही प्रश्न पोचला नाही. नंतर वक्त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि उपस्थितांना मसाला ताक देण्यात आलं. विरजण तेच होतं, पनामाहून परत आणलेलं. वहिनींनी तसं माइकवरून जाहीर केलं.

तेव्हा जे पुढच्या हंगामात निघणार आहेत त्यांना एक विनंती. विरजण जरूर न्या, तुमची बॅग तुमचा प्रश्न. पण गातूनच्या सकाळी नाश्ता लवकर उरका आणि दारं उघडून मिटेपर्यंत डेकवरून हलू नका. केबिन आवरणाऱ्या पोराला त्याचं गाव विचारा. आणि निघण्याआधी एखाद्या रविवारी, आवर्तन सुटलेलं असताना, नातवंडांना घेऊन म्हैसाळला जाऊन या. तिथं जेवणाची सोय नाही. डबा न्यावा लागेल.