नानाकाकांच्या चिकाटीस दंडवत

तीर्थरूप नानाकाकांस,



भावकीच्या ग्रुपवर आपण टाकलेली वंशावळ पाहिली आणि ऊर भरून आला. निवृत्तीनंतर लोक गुडघे सांभाळतात. आपण रात्ररात्र जुन्या अभिलेखांच्या संकेतस्थळाशी झुंजलात. ओटीपी येतो तोवर पान बंद पडतं, पान उघडतं तोवर सर्व्हर बसतो. आपण मात्र हटला नाहीत. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकाचं वाळवीनं कुरतडलेलं पान मोठं करकरून बघताना, तो ठिपका शाईचा की अनुस्वाराचा हे ठरवायला आपण काकूंना पहाटे तीनला उठवलंत. मोडीत शब्द सुटे लिहायची पद्धत नाही, त्यामुळे एकाच ओळीतून कधी दोन पूर्वज निघाले, कधी एक पूर्वज आणि एक बैल. २०२३ साली कुणबी नोंदींसाठी दप्तरं धुंडाळली गेली, पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. बाकीचे लोक दाखल्यापुरती नोंद मिळताच थांबले. आपण थांबाल तर शपथ!

पण काका, एक बारीकशी शंका. या वंशावळीत अमुक बिन तमुक, तमुक बिन ढमुक असे पुरुषांमागून पुरुष आहेत. त्यांना जन्म कुणी दिला? खापरपणजीच्या रकान्यात आपण ‘माहिती उपलब्ध नाही’ लिहिलंय. काम अवघड, कबूल. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव उमटलं की माहेरचं मिटलं. दप्तरात उरली ती अमक्याची ‘कोम’. पण मोडीतून बैल वेगळा काढणाऱ्याला हे काय जड? निदान काकूंना विचारायचं. त्या जाग्याच होत्या.

धाकट्या चुलत आजोबांपुढे तर ‘वंश खुंटला’ असं वाचलं. त्यांना चार मुली. त्यांची पोरंनातवंडं आली की आपल्याकडे पंगत दोनदा बसवावी लागते.

बायकांची नावं कागदोपत्री सापडत नाहीत, हे मात्र मला मान्य नाही. फेरफार उघडा. आजोबा वारल्यावरची वारसनोंद आहे, आणि तिच्या पाठोपाठ हक्कसोडपत्राची. तिन्ही आत्या तिथं हजर: माहेरचं नाव, सासरचं नाव, वय, गाव, सगळं बिनचूक. दुय्यम निबंधकाकडच्या मूळ दस्ताला फोटो आणि अंगठेही आहेत. ९ सप्टेंबर २००५ पासून कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला, तेव्हापासून बहिणींना शोधून काढण्यात आपल्या घराण्यानं जी तत्परता दाखवली, तिच्यापुढे वंशावळीची चिकाटी काहीच नाही.

पुढच्या पिढीतल्या संशोधकांची मला काळजी वाटते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. आता ‘माहिती उपलब्ध नाही’ लिहायचं तरी कुठं?

वंशावळ छापायला देण्याआधी एक करा. सह्यांसाठी आत्यांना तालुक्याला न्यायला जी गाडी पाठवली होती, तीच पुन्हा पाठवा, आणि आजी-पणजींची माहेरची नावं विचारून घ्या. तिघी हयात आहेत, तिघींना सगळं पाठ आहे, आणि त्यांच्याकडे ओटीपी लागत नाही.

आपली आज्ञाधारक,
पुतणी