टायग्या आणि गोडं पाणी

विट्याहून समुद्राला जायचं तर कुणाला वाट विचारावी लागत नाही. गुहागर–विजापूर रस्ता गावातूनच जातो. पूर्वेकडे तोंड केलं की जत, विजापूर. पश्चिमेकडे केलं की कडेगाव, कऱ्हाड, पाटण, चिपळूण, आणि मग रस्ता गुहागरलाच संपतो, कारण पुढे पाणी आहे. एक टोक असं समुद्राला लागलेलं असूनही आमच्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या भलत्याच दिशांना गेली. सोनं-चांदी गाळायला गलाईवाले काश्मीरपासून केरळपर्यंत पोचले. कुठल्याही गावच्या सराफ कट्ट्यामागच्या बोळात शिरा, आमच्या खानापूर-आटपाडीकडचा एखादा माणूस भट्टी पेटवून बसलेला सापडेल. पण शीड उभारून समुद्रात निघालेला विटेकर मला अजून भेटायचा आहे.

तो मान आपल्याला मिळावा असं वाटायला लावलं एका कॅलेंडरनं. मे महिन्याच्या पानावर पांढरी शुभ्र यॉट, मागे माडांनी भरलेलं बेट, आणि बोटीच्या पार पुढच्या टोकाला, नाळेवर, कान उडवत उभं असलेलं सोनेरी कुत्रं. आमचा टायग्या सोनेरी नाही. त्याचा रंग उन्हाळ्यातल्या माळाचा आहे आणि जात माळाइतकीच जुनी आहे. पण कान आहेत आणि वारा आला की तेही उडतात. मी बायकोला म्हटलं, "आपण टायग्याला घेऊन एखाद्या बेटाला बोटीतून फेरी मारली तर?" तिनं कॅलेंडरकडे पाहिलं आणि विचारलं, "पिण्याच्या पाण्याचं काय?"

लोकांना हा प्रश्न विनोदी वाटेल. चहूकडे पाणी असताना पाण्याची चौकशी! पण यॉटवर महिनोन्‌महिने राहणाऱ्यांची पहिली चिंता हीच असते. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाच्या चमच्यानं सहा-सात चमचे. लहान यॉटच्या टाकीत गोडं पाणी काहीशे लिटर. त्यात पिणं, चूल, आंघोळ, आणि कुत्रं. २० किलोच्या कुत्र्याला दिवसाला लिटरभर तरी पाणी लागतं, उन्हात त्याहून जास्त. ते न दिलं तर कुत्रं समुद्राचं पितं, मग ओकतं, मग हगवण लागते, आणि हे सगळं पांढऱ्या शुभ्र डेकवर. म्हणून दर्यावर्दी मंडळी भांडी खाऱ्या पाण्यानं घासतात आणि शेवटी वाटीभर गोड्या पाण्यानं विसळतात. अंग खाऱ्या पाण्यानं धुतात आणि तांब्याभर गोडं वरून घेतात. यावर त्यांनी पुस्तकं लिहिली आहेत.

आमच्याकडे हे पुस्तकात लिहावं असं कुणाला वाटलंच नाही. टँकरच्या दिवसांत विट्याच्या आसपासच्या गावांमध्ये कडप्प्याच्या फरशीवर बसून आंघोळ व्हायची. ते पाणी खालच्या घमेल्यात, घमेल्यातलं म्हशीच्या पायाशी, नाहीतर परड्यातल्या कढीपत्त्याला. तांदूळ धुतलेलं पाणी कुत्र्याला. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या बायका घागर उचलूनच सांगायच्या की यात संध्याकाळपर्यंतचं आहे की दुपारपर्यंतचंच. टेंभू उपसा योजनेचं पाणी शिवारात आल्यापासून ही विद्या मागे पडत चालली आहे. त्याचं दुःख करायचं कारण नाही, पण जगाची सफर करणाऱ्या एखाद्या कप्तानाला पाण्याच्या हिशेबासाठी माणूस हवा असेल, तर त्यानं बंदरात जाहिरात न लावता आटपाडीच्या बाजारात लावावी.

आटपाडीवरून आठवलं. जगाला शिडाच्या बोटीतून एकट्यानं पहिल्यांदा फेरी मारली ती जोशुआ स्लोकम या माणसानं, १८९५ ते १८९८. सेंट हेलेना बेटावर त्याला कुणीतरी शेळी दिली, सोबतीला कुत्र्यासारखीच बरी म्हणून. शेळीनं दोर खाल्ले, त्याचा वेस्ट इंडिजचा नकाशाही खाल्ला. पुढच्याच बेटावर, असेन्शनला, त्यानं तिला उतरवून दिलं. आटपाडीच्या शनिवारच्या बाजारात शेळ्या विकणाऱ्या कुठल्याही म्हातारीनं त्याला आधीच सांगितलं असतं की बाबा, शेळीसमोर कागद ठेवू नये. माणसं दर्यात जातात, पण शेजारी विचारत नाहीत.

आपल्या दिलीप दोंद्यांनी तर ही भानगडच ठेवली नाही. नौदलातले हे कमांडर २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून 'म्हादेई' घेऊन निघाले आणि २०१० च्या मे महिन्यात परत आले. एकट्यानं शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. ५६ फुटांची ती बोट गोव्यात बांधली गेली, नाव मांडवीचंच जुनं नाव. बोटीवर कुत्रं नाही, शेळी नाही. ही शिस्तीची माणसं. आमचं वेगळं. टायग्याला घरी ठेवून मला विट्याच्या एसटी स्टँडपर्यंत जाता येत नाही; तो मागून येतो आणि कंडक्टरकडे बघून शेपूट हलवतो.

वाहनात चढणारं कुत्रं म्हटलं की दक्षिण आफ्रिकेतल्या सायमन्स टाउनचा 'जस्ट न्यूसन्स' आठवतो. हा प्रचंड ग्रेट डेन नौदलाच्या खलाशांबरोबर केप टाउनच्या लोकलमधून बिनतिकीट हिंडायचा. रेल्वेवाल्यांनी तक्रारी केल्या, धमक्या दिल्या. शेवटी १९३९ मध्ये नौदलानं त्याला रीतसर भरती करून घेतलं, कारण खलाशाला प्रवास फुकट. कागदावर व्यवसाय लिहिला 'हाडं फोडणारा'. एका अधिकाऱ्याच्या बिछान्यात झोपल्याबद्दल त्याच्यावर आरोपपत्रही ठेवलं गेलं आणि शिक्षा म्हणून काही दिवस हाडं बंद. १९४४ मध्ये वारला तेव्हा लष्करी इतमामानं पुरला. चौकात त्याचा पुतळा आहे. गंमत ही की नौदलाचा हा खलाशी जन्मात एकदाही समुद्रावर गेला नाही. टायग्याचा आदर्श नेमका हाच असणार असा मला दाट संशय आहे.

बेट कोणतं घ्यायचं यावर घरात खल झाला. माडांचं, निळ्या पाण्याचं बेट म्हणजे लक्षद्वीप. ३६ बेटं, त्यातली वस्तीची १०, सगळी मिळून ३२ चौरस किलोमीटर. आमचा खानापूर तालुका त्यापेक्षा कितीतरी मोठा. तिकडची जहाजं कोचीहून सुटतात आणि कोचीत माझा एक चुलतभाऊ गलाईचं दुकान चालवतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "आण्णा, तुम्ही दोघं या, परवाना काढून देतो. पण कुत्रं न्हाई चालत तिथं."

"बोटीतच ठेवू की. खाली उतरवणार नाही."

"आवं, बेटावर कुत्रंच न्हाई एकबी. न्यायलाच बंदी हाय. मांजरं मात्र रग्गड."

खरंच आहे. लक्षद्वीपवर कुत्रं नाही आणि म्हणून पिसाळण्याचा रोगही नाही. ही सुरक्षितता टायग्यासाठी मोडायची म्हटलं तर अन्याय होईल. जगातली बरीच बेटं या बाबतीत अशीच कडक आहेत. हवाईत कागदपत्रं पुरी नसली तर कुत्र्याला १२० दिवस वेगळं डांबून ठेवतात. आणि ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये काय झालं! हॉलिवूडचा नट जॉनी डेप खासगी विमानातून 'पिस्टल' आणि 'बू' नावाची दोन इवलीशी कुत्री न सांगता घेऊन गेला. शेतीखात्याच्या मंत्र्यानं जाहीर केलं की ५० तासांत कुत्री देशाबाहेर न्या, नाहीतर मारून टाकू. कुत्री परत गेली आणि पुढच्या वर्षी नवरा-बायकोनं कॅमेऱ्यासमोर बसून माफी मागितली. समुद्रावरच्या स्वातंत्र्याची मला फार ओढ होती. कळलं ते एवढंच की कुत्रं बरोबर असलं की माणसाला बंदराबंदरात त्याचा मुखत्यार म्हणून उभं राहावं लागतं.

तसा हा वाद आपल्याकडे जुनाच. महाप्रस्थानाच्या वाटेवर धर्मराजाच्या मागे हस्तिनापुरापासून कुत्रं चालत आलं. इंद्र रथ घेऊन उभा, "तू चढ, कुत्रं सोड." धर्मराज अडून बसला. पुढे ते कुत्रं प्रत्यक्ष यमधर्म निघालं आणि प्रकरण मिटलं. कोचीच्या बंदरावर टायग्याच्या बाबतीत असं काही निघेल याची मला खात्री देता आली नसती.

बायको म्हणाली, "मालवणच्या किल्ल्यावर जाऊ. ते बी बेटच आहे की." सिंधुदुर्ग! मला हे सुचायला हवं होतं, शाळेच्या सहली घेऊन मीच जात आलो होतो. १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी पाया घातला, तीन वर्षांत किल्ला उभा. पण आमच्या विद्यार्थ्यांना तटाच्या उंचीपेक्षा किंवा तोफांपेक्षा एकच गोष्ट आवडायची: आत तीन गोड्या पाण्याच्या विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये गोडं पाणी! पोरं काठाशी वाकून इतका वेळ बघत की मागच्या सहलीतली माणसं वैतागत. सहलीला धो-धो पावसातल्या चिपळूणची मुलं आणली असती तर त्यांनी आत डोकावून पाहिलं असतं की नाही कोण जाणे.

थंडीत गेलो. मालवणच्या जेटीवर होडीवाल्यानं टायग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुत्र्याक घेवा, पण उडी मारल्यान तर माका बोलू नकात." किल्ल्याला पुरी फेरी मारायची म्हटल्यावर तो कुरकुरला. "भायल्या अंगाक खडपां आसत. लांबसून जाव." लांबून तर लांबून. बायकोनं पाच लिटरचा कॅन, वाडगा, भाकरीचं फडकं असं सामान चढवलं. यॉटवरच्या कुत्र्यांना पाठीवर मूठ असलेलं जीवरक्षक जाकीट घालतात, म्हणजे पडलं तर उचलता येतं. टायग्याला आम्ही बैलाची जुनी वेसण कापून केलेला पट्टा घातला होता आणि त्याचं दुसरं टोक माझ्या मनगटाला.

होडी हलताच तो फळीखाली गेला. पुढे उभं राहून कान उडवायला त्यानं साफ नकार दिला. मग लाटांचा अंदाज घेत बाहेर आला, काठावरून मान घालून समुद्र चाटला, आणि असा चेहरा केला की जणू टँकरवाल्यानंच फसवलंय. बायकोनं लगेच वाडग्यात गोडं पाणी ओतलं, मोजून. तो प्यायला, मग भाकरीच्या फडक्याशेजारी बसला आणि उरलेली सबंध फेरी त्या फडक्याकडेच बघत राहिला. मध्ये एकदा कावळा होडीवरून गेला तेव्हा मात्र तो उसळला, पट्टा ताणला, मी त्याच्यावर पालथा, होडी एका बाजूला, होडीवाल्याच्या तोंडून मालवणीतले निवडक शब्द.

परत जेटीला लागलो तर पुण्याकडचं एक कुटुंब होडीची वाट बघत उभं होतं. त्यांच्यातल्या गृहस्थांनी मला विचारलं, "काका, समुद्राच्या बाजूनं किल्ला कसा दिसतो हो? तट शाबूत आहे ना?" मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात बायको कॅन उचलत म्हणाली, "त्यांना नका विचारू. ते सगळी फेरी पट्टा धरून खालीच बघत होते. मला विचारा."

आणि तिनं त्यांना दिशा दाखवत सगळं सांगितलं, बुरूज कुठे वळतो, तटाच्या पायाशी खडक कसे दिसतात, पलीकडची लहान पुळण कुठून सुरू होते. मी तिच्या शेजारी उभा राहून ऐकलं. ऐकताना किल्ला फार चांगला वाटला.