हॉलमध्ये समुद्र आणण्याची कृती

साहित्य: तीन फुटी काचेची टाकी, तिचा भार पेलेल असं स्टँड, सहा-सात किलो मीठ, आरओ-डीआयचं पाणी, रिफ्रॅक्टोमीटर, वेव्हमेकर, स्किमर, टेस्ट किट आणि घरात दुसरं कोणी हक्क सांगणार नाही अशा दोन बादल्या. यादीत मासे नाहीत. ते चुकून राहिलेले नाहीत, त्यांचं नाव निघायला अजून अवकाश आहे. तेवढा धीर नसेल तर हे पान इथेच उलटावं, गप्पी पाळावेत आणि त्यांची पोरंबाळं मोजत सुखाने राहावं.

ही कृती ज्याने गोड्या पाण्याची टाकी चार वर्षं सांभाळली आणि ज्याला आता आपल्याला सगळं येतं असं वाटू लागलंय, त्याच्यासाठी आहे. रोगाची लागण बहुधा फार आधी झालेली असते. शाळेच्या सहलीत तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेला नाक लावून उभं राहताना होते, नाहीतर २००३ मध्ये निमोचा सिनेमा आला तेव्हा पोराच्या निमित्ताने होते.

आधी जागा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत काठोकाठ १९० लिटर पाणी मावतं. पाणी, काच, दगड आणि स्टँड मिळून वजन पाव टनाच्या पुढे जातं. राहत्या घराचा स्लॅब आखताना चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरायचा, असं भारतीय मानक सांगतं. तुम्ही अर्ध्या चौरस मीटरवरच पाव टन ठेवणार आहात. स्लॅब लगेच कोसळत नाही, पण टाकी खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीला लागून, खाली बीम असेल तिथे ठेवावी. देवघराशेजारी नको, कारण खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब उडतात आणि समया हिरव्या पडतात. टीव्हीशेजारीही त्याच कारणाने नको. खिडकीत नको, उन्हाने शेवाळ माजतं. म्हणजे उरली ती जागा, जिथे आत्ता सोफा आहे. सोफ्याचा विषय घरात कसा काढावा, हे या कृतीत बसत नाही.

‘पहिलीच आहे, छोटीच घेऊ,’ असं प्रत्येक जण म्हणतो. खाऱ्या पाण्यात हिशेब उलटा असतो. वीस लिटरच्या टाकीत एक गोगलगाय मेली तरी सकाळपर्यंत पाणी नासतं. दोनशे लिटरमध्ये ती चूक पचते. मोठी टाकी सांभाळायला सोपी, विकत घ्यायला अवघड.

आता पाणी. मुंबईकराला इथे एक युक्ती सुचतेच: समुद्र वीस मिनिटांवर आहे, दोन कॅन भरून आणू. आणू नका. किनाऱ्याजवळच्या पाण्यात शहराचं सांडपाणी, गाळ आणि बोटींचं डिझेल असतं. फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १८५४ मध्येच कृत्रिम समुद्राच्या पाण्याची कृती छापली, त्यात साध्या मिठासोबत मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे क्षारही होते. त्याची पुस्तकं वाचून इंग्लंडच्या मध्यमवर्गाला काचेत समुद्र पाळण्याचं असं वेड लागलं की किनाऱ्यावरची खडकांमधली डबकी लोकांनी ओरबाडून रिकामी केली, आणि पुढे १९०७ मध्ये गॉसच्याच मुलाने आपल्या आठवणींत त्याबद्दल हळहळ व्यक्त केली. तेव्हा आपल्या छंदाला परंपरा आहे, पण फार मिरवण्यासारखी नाही.

स्वयंपाकघरातलं मीठ चालणार नाही. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम यांतलं कामापुरतं काही नसतं. पिशवीत मिळणारं समुद्री मीठ आणावं, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या मापाने बादलीत कालवावं आणि रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ आल्याशिवाय टाकीला दाखवू नये. पहिल्या दिवशी टाकी रिकामी असते म्हणून तिच्यातच कालवलं तर चालतं. नंतर कधीही नाही.

इथे नवशिक्याची पहिली परीक्षा होते. आठवडाभरात पाणी बोटभर खाली जातं. ते भरून काढायला तो कर्तव्यदक्षपणे पुन्हा खारं पाणी ओततो. पण उडतं ते फक्त पाणी, मीठ आतच राहतं. महिनाभर असं केलं की हॉलमध्ये मृत समुद्र तयार होतो. उडालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओ-डीआयचं पाणी, आणि दर आठवड्याला दहा टक्के पाणी काढून बदलताना मात्र खारं. हे वाक्य स्टँडच्या दाराला आतून चिकटवा. मासे, रंग, दिवे हे सगळं नंतर. तुम्ही जे पाळणार आहात ते पाणी आहे, आणि हे ज्याला पटत नाही त्याचे मासे त्याला पटवून देतात.

टाकी भरली, वेव्हमेकर घुमू लागला, पाणी दुधाळलं होतं ते निवळलं. आता काय करायचं? काही नाही. चार ते सहा आठवडे काही नाही. माशांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया निघतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी सोसतं. हे जिवाणू दगडाच्या छिद्रांत आपली वस्ती वसवायला वेळ घेतात, यालाच टाकीची ‘सायकल’ होणं म्हणतात. त्यांची बाटली विकत मिळते, तिचा उपयोग विरजणाएवढाच: लावता येतं, पण दही त्याच्या वेळेलाच लागतं. या काळात चिमूटभर माशांचं खाद्य पाण्यात कुजू द्यावं, दोन दिवसांआड टेस्ट ट्यूब हलवून रंग जुळवावा आणि पाहुणे ‘मासे कुठायत?’ विचारतील तेव्हा ‘आहेत, पण दिसत नाहीत’ म्हणावं. जिवाणूंच्या बाबतीत ते खरंच आहे.

उतावळ्या नवऱ्यांसाठी दुकानदाराकडे गुडघ्याचं बाशिंग तयार असतं. ‘साहेब, एक डॅमसेल टाका, तिच्यावर सायकल होऊन जाते.’ डॅमसेल हा निळा, चिवट, अंगठ्याएवढा मासा खरोखर तगतो. तगल्यावर तो टाकीचा सातबारा आपल्या नावावर करून घेतो आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला हुसकावतो. त्याला बाहेर काढायचं तर दगड न् दगड उपसावा लागतो, म्हणजे सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून.

मग तपकिरी दिवस येतात. पांढऱ्या वाळूवर, काचेवर, दगडांवर डायटमचा तपकिरी थर चढतो, तो ओसरला की हिरवे केस उगवतात. याला उपाय म्हणून लोक बाटल्या आणतात. थोडे दिवस दिवा कमी वेळ लावा, चार टर्बो गोगलगाई सोडा आणि बाटल्यांचे पैसे वाचवा. गोगलगाय उताणी पडली तर तिला आपणहून सरळ होता येईलच असं नाही, म्हणून सकाळच्या चहाआधी टाकीत हात घालून गोगलगाई सरळ करणे हे नवं नित्यकर्म लागतं. स्किमरचा कप त्याच फेरीत रिकामा करावा. त्यातल्या काळपट चहासारख्या द्रवाचा वास घेऊ नये असं प्रत्येक जण सांगतो आणि प्रत्येक जण तो एकदा घेतोच.

आता नाजूक विषय, प्रवाळांचा. व्हिडिओत अमेरिकेतला माणूस जांभळ्या अ‍ॅक्रोपोराचा तुकडा डिंकाने दगडाला चिकटवतो आणि आपला जीव तिथे चिकटतो. इथे मात्र २००१ पासून रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. वाघही त्याच अनुसूचीत आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं. समुद्रघोडाही त्यातच, त्यामुळे ‘एक जोडी आहे साहेब, गुपचूप देतो,’ असं ऐकू आलं की गुपचूप दुकानाबाहेर पडावं. ज्यांच्या भिंतीवर वास्तुदोष घालवणारं चौकटीतलं ‘इंद्रजाल’ टांगलंय त्यांनीही जरा खाली घ्यावं. ती मुळी नव्हे, समुद्रपंखा किंवा काळं प्रवाळ असतं. दोष जाईल की नाही माहीत नाही, वन खातं येऊ शकतं.

कायद्याला इथे हसू नये. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० मध्ये रीतसर परवानगी काढून, हलक्या हाताने दुसरीकडे नेल्या. महापालिकेला जी परवानगी मागावी लागली ती तुम्हाला क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीत मिळणार नाही. जुन्या पद्धतीचा ‘लाइव्ह रॉक’ हाही प्रवाळाचा सांगाडाच, त्याऐवजी सिरॅमिकचे सच्छिद्र दगड घ्यावेत. जिवाणूंना वंशावळ कळत नाही, छिद्रं कळतात. कायद्याच्या यादीत ज्यांचं नाव नाही असे मऊ प्रकार घेताना दुकानदाराकडे कागद मागावा. कागद मागितल्यावर त्याचा चेहरा बघितला की पुष्कळ कळतं. आणि डोळे भरून रीफच बघायचं असेल तर मालवणला जावं, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर पाण्याखाली आंग्रिया बँकही आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. तिचं पाणी कोणाला बदलावं लागत नाही.

मऊ प्रकारांतले झोअँथिड हे बटणांएवढे, झगझगीत रंगांचे, नवशिक्यांचे लाडके. त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या अतिजहाल विषांपैकी एक. हातात मोजे, डोळ्यांना चष्मा. दगड ‘निर्जंतुक’ करायला कुकरमध्ये किंवा पातेल्यात उकळू नये. त्या वाफेने माणसं थेट अतिदक्षता विभागात गेली आहेत. एवढं एक वाक्य थट्टेत धरू नका.

आणि आता, मासे. क्लाउनफिशची जोडी घ्यावी, तीसुद्धा टाकीत जन्मलेली. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ती पैदास साधलेली आहे, समुद्रातून पकडून आणण्याची गरज नाही. या माशांत सगळे नर म्हणून जन्मतात आणि गटातला सगळ्यात मोठा मादी होतो. ती गेली की तिचा नवरा मादी होतो. सिनेमात निमोची आई गेल्यावर शास्त्राप्रमाणे बापाचीच आई व्हायला हवी होती. मुलांना हे सांगावं की नाही, ते ज्याचं त्याने बघावं. निळी ‘डोरी’ मागणाऱ्या मुलाला मात्र ठाम नकार द्यावा. ती फूटभर वाढते आणि तीन फुटांत कोंडली की अंगभर पांढरे ठिपके येऊन आजारी पडते. ठिपक्यांवर तांब्याचं औषध असतं, ते त्याच टाकीत घातलं तर गोगलगाई, कोळंब्या सगळ्या मरतात. क्लाउन म्हटलं की ॲनिमोन हवाच असं नाही. तो जागा पसंत पडेपर्यंत टाकीभर हिंडतो, आणि त्याला पसंत पडलेली जागा वेव्हमेकरची जाळी असू शकते.

माझी शिफारस विचाराल तर पिस्तूल कोळंबी आणि गोबी. कोळंबीला नीट दिसत नाही, ती दिवसभर बीळ उकरते, वाळू बाहेर लोटते आणि एक मिशी कायम गोबीच्या अंगावर टेकवून ठेवते. गोबी दारात पहारा देतो. त्याने शेपटी थरथरवली की दोघं आत. पूर्वसूचना एवढीच, की ही कोळंबी पंजा असा वाजवते की रात्री दोनला काच तडकल्यासारखा आवाज येतो. पहिल्या रात्री तुम्ही अनवाणी धावत जाल, फरशी कोरडी बघाल आणि परत झोपाल. खालच्या मजल्यावरच्यांना हे आधीच सांगून ठेवावं.

तापमान २५-२६ अंश. एप्रिलमध्ये पाण्यावर पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण पावसाळी दमट हवेत पंखा नुसता फिरतो. मग चिलर येतो, आणि विजेचं बिल आल्यावर घरातले विचारतात की माशांना एसी आणि आम्हाला पंखा, असं का. वीज गेली तर पाणी ढवळायचं थांबतं आणि प्राणवायू उतरतो, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप असावाच. पुण्यामुंबईबाहेरच्या वाचकांनी दोन घ्यावेत.

पाहुणे दोन प्रश्न विचारतात. पहिला मालवणी पाहुण्याचा, ‘हेचा तिखला करतत काय?’ दुसरा सगळ्यांचा, ‘केवढ्याला पडलं?’ याला उत्तर देताना फक्त माशांची किंमत सांगावी.

शेवटची अडचण गणपतीत येते. पाच दिवस गावाला जायचं आणि किल्ली शेजाऱ्यांकडे. खरं तर धडधाकट मासे चार दिवस उपाशी आरामात राहतात, पण हे शेजाऱ्यांना पटत नाही. त्यांना माशांचे तोंड उघडमीट करणारे चेहरे बघवत नाहीत. म्हणून खाद्याच्या चिमूटभर पुड्या बांधाव्यात, प्रत्येकीवर वार लिहावा आणि मुख्य डबा कपाटात, जमल्यास कुलपात ठेवावा. एवढं करून तुम्ही सावंतवाडीला पोचाल, आरती सुरू होईल आणि फोन येईल, की दोघांतला एक मासा कालपासून दिसत नाही, पण तुम्ही निवांत राहा, त्याच्या वाटचंही दुसऱ्यालाच घातलंय.